येणे बाकी

एकतीस मार्चच्या रात्री बारा वाजता
मी बर्फ मोजते.
एकशे बारा लाद्या. आकडा लिहून होईस्तोवर
त्यातल्या थोड्या पाणी होऊन
हर्णै बंदराच्या उताराला लागलेल्या असतात.
याला अखेरचा साठा म्हणतात.
ऑडिटर बेहेरे मे महिन्यात चिपळूणहून येतात
तेव्हा त्यातली एकही लादी या जगात नसते.
माझ्या अक्षरावर सही करतात, आंबे घेऊन जातात.

मग आमचा ताळेबंद बाहेर पडतो, हिंडायला.

दापोली शाखेच्या खोब्रागडे मॅडम
पहिलं पान उघडतच नाहीत.
नखानं टकटक थेट खेळत्या भांडवलावर.
आम्हाला नवा कॉम्प्रेसर हवाय,
त्यांना हवंय एवढंच, की उद्या हप्ता थकला
तर विकायला काय उरेल.
घसाऱ्याच्या रकान्यात जुन्याची किंमत वाचून म्हणाल्या,
"हा अजून चालतो?"
खोकतो, म्हटलं. पण चालतो.

लतीफशेठचा भाऊ कुवेतमध्ये फोनवर बघतो,
दोन बोटांनी नफा मोठा करून.
तसा तो होत नाही मोठा.
मग रात्री उशिरापर्यंत दोघे भाऊ बोलत बसतात
आणि शेठ सकाळी माझ्याशी नीट बोलत नाही.

अमोनियावाल्याला साठ दिवसांच्या उधारीची काळजी.
मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी तर
ताळेबंद वाचतातच मुळी होडीच्या फळीवर
बोटाच्या पेरानं ठोकून बघावं तसे :
ऐन पापलेटच्या दिवसांत हा कारखाना बसला
तर बर्फ आणायचा कुठून?

टाकीवरच्या गड्यांत एकटा दिनार नववीपर्यंत शिकलेला.
बोनसच्या आधी येतो, नफ्याच्या ओळीवर बोट ठेवून
नुसता उभा राहतो.
त्याच्या बोटाचा ओला ठसा कागदावर उमटला
तो तसाच आयकर खात्याला गेला.

आणि शेठच्या मुलीला सांगून आलेल्या घरचे एक मामू,
"जरा ते कागद," म्हणाले, "सहज."
त्यांना मी चहा पाजला.

चंपूबाई पावसे आल्या त्या चपला बाहेर काढून.
"माज्या मानसाचं नाव हाय काय यात?"

ताळेबंदात नावं नसतात. बेरजा असतात.
बुडीत येणी : एकेचाळीस हजार तीनशे साठ.
त्यातले अठरा हजार हसुराम तांडेलचे,
कोजागरीच्या आदल्या रात्रीपर्यंत नेलेल्या बर्फाचे.
शेवटच्या वीस लाद्या होडीतच होत्या.
मी त्या ओळीवर बोट ठेवलं.
त्यांनी ते बाजूला केलं, स्वतःचं ठेवलं.
"काय लिवलंय?"
जीभ उचलेना. शेवटी सांगितलं.

"कोनी बगितला बुडताना?"

वरच्या मजल्यावर मशीन खोकत होतं.

"आनि ह्यो वरचा शब्द?"
येणी, म्हटलं. ज्यांचं अजून यायचं आहे त्यांचं.
"मग तितं घाल त्याला."

बेहेरेंची सही झालीय, तीन वर्षं उलटली,
असंच दाखवावं लागतं, मी सांगत राहिले.
हवामान खात्याचं ऐकतात
तसं त्यांनी ऐकून घेतलं.

जूनपासून दर सोमवारी येतात.
सुकट विकून पन्नास, कधी सत्तर.
पावती मागतात. पावतीवर नाव त्याचं.

यंदाच्या पत्रकात उत्पन्नाच्या बाजूला नवी ओळ आहे :
बुडीत येण्यांपैकी वसूल, दोन हजार चारशे दहा.
खोब्रागडे मॅडमची पेन्सिल तिथं थांबली.
"हे काय?"
येतंय, म्हटलं.
रक्कम लहान. त्या पुढे गेल्या, भांडवलाकडे.

खतावणी, पान अठ्ठ्याऐंशी.
खातं बंद करताना खाली दोन रेघा ओढायच्या असतात.
मी एकच ओढली आहे.
बेहेरेंच्या अजून लक्षात आलेलं नाही.